ज्याचं चित्र, त्याला दाखवाल?

खडूची पूड कितीही झटकली तरी घरी गेल्यावर पदरातून निघतेच. शाळेतले किस्से तसेच! मल्लेश्वरमची आमची मुलींची शाळा सोडून किती वर्षं झाली, तरी आम्ही जुन्या चौघीजणी कॉफीला बसलो की कुणीतरी पदर झटकतंच. बाकीच्यांचे किस्से परीक्षांचे, सहलींचे, डब्यांचे. माझे सगळे एकाच तासाचे, शुक्रवारच्या शेवटच्या. तो तास राहतोय की जातोय ह्या धास्तीत मी एक अख्खं वर्ष काढलं, त्या वर्षाचे.

त्याचं असं झालं. मी बेळगावची, लग्न होऊन बेंगळुरात आलेली. साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. ड्रॉइंगची नोकरी लागली, पण तात्पुरती, आणि ड्रॉइंगचे तास काही पुरेनात. आमच्या हेडमिस्ट्रेस, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांनी विचारलं की आणखी काय शिकवाल? मी म्हटलं, चित्र बघायला शिकवीन. जाहिराती, कॅलेंडरं, पेपरातले फोटो भिंतीवर लावायचे आणि मुलींना विचारायचं, हे खरं आहे का, आणि ज्याचं आहे त्याच्यावर अन्याय तर होत नाही ना?

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघायला काय शिकवायचं? डोळे दिलेत की देवानं." तरी मार्चपर्यंत बघू म्हणाल्या. नाही जमलं तर तास काढू. तास गेला की माझी नोकरी अर्धी, आणि अर्ध्या नोकरीवर शाळा कुणाला ठेवत नव्हती. इकडे राजाजीनगरात सासूबाई वाटच बघत होत्या. "स्वल्प दिवसांची हौस आहे, फिटेल," असं त्या शेजारच्या अक्कांना सांगायच्या, तेही माझ्यासमोर.

त्यात मोठ्या बाईंच्या चपला करकरायच्या. तो आवाज व्हरांड्यात आला की सगळी शाळा ताठ बसायची. शुक्रवारी शेवटच्या तासाला तो माझ्या खिडकीपर्यंत यायचा आणि थांबायचा. पुढे म्हणून जायचा नाही. बाई बाहेर उभ्या राहून माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करताहेत ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

*

ह्या तासाचा नियम एकच, आणि तो विमलामुळे झाला.

विमला वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी. पहिल्याच आठवड्यात तिनं गणिताच्या कमळाबाईंचं चित्र काढलं. कमळाबाई अंगानं भरलेल्या, पण चित्रात त्या नुसत्या गोल होत्या, वर अंबाडा आणि खाली दोन पाय. वर्ग तोंडात पदर कोंबून हसत होता. मी म्हटलं, फार छान. आता ज्यांचं आहे त्यांना दाखवून ये.

विमलाचं तोंड एवढंसं झालं. गयावया केली, पोटात दुखतंय म्हणाली, पण मी हलले नाही. शेवटी गेली बिचारी. आम्ही सगळ्या कानात प्राण आणून बसलो. आरडाओरडा काही ऐकू आला नाही. पाच मिनिटांनी विमला परत आली आणि कागद माझ्या हातात दिला. चित्रावर लाल पेन्सिलीनं शेरा होता, "वर्तुळ वाकडं आहे. कंपास वापर."

त्यानंतर विमलाला कमळाबाईंचं तसं चित्र काढवेना. आणि फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलं गेलं, "ज्याचं चित्र, त्याला दाखवाल?"

*

एका शुक्रवारी मी बाळांच्या पौष्टिक पावडरीची जाहिरात लावली. गुटगुटीत बाळ, शेजारी पावडरीचा डबा. हे खरं आहे का, असं विचारायला तोंड उघडलं, तोच मागच्या बाकावरची पद्मा उठली. म्हणाली, मिस, हा माझ्या अक्काचा मुलगा!

झालं. नियम म्हणजे नियम. पुढच्या शुक्रवारी बाळ आईच्या कडेवर बसून वर्गात हजर. मी तिला विचारलं की ह्याला खायला काय घालता? ती म्हणाली, "रागी सरी." सरी म्हणजे 'बरं' एवढंच कानडी मला तेव्हा नीट कळायचं. मला वाटलं, नाचणी घालते म्हणाली आणि वर 'बरं' म्हणून विषय संपवला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा रागी सरी. तिसऱ्यांदा विचारल्यावर वर्गच ओरडला, मिस, सरी म्हणजे पेज!

मग मी त्या पावडरीचं विचारलं. ती म्हणाली की डबा फोटोवाल्यानं दिला, फार मजबूत आहे, आम्ही त्यात हिंग ठेवतो. आणि पावडर? तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "डबा रिकामाच होता की."

*

आता हा किस्सा ऐकताना कमळाबाई अजूनही बशी खाली ठेवतात, कॉफी सांडते म्हणून.

गॅदरिंगसाठी आम्ही एक मोठं चित्र करत होतो. शाळेची इमारत आणि तिच्यासमोर सगळ्या शिक्षिका. मी मुलींना बजावलं होतं की प्रत्येकीला आधी दाखवायचं, ती हो म्हणाली तरच ठेवायचं. मोठ्या बाई मधोमध होत्या, पण नाक फार लांब झालं होतं. बाई बघायला येणार असा निरोप आला. मी सरोजा नावाच्या मुलीला घाईघाईनं म्हटलं, मोठ्या बाईंना नीट काढ.

सरोजाचं घर मराठी, पण तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं. आपण मराठीत चित्रही काढतो आणि डागही काढतो. कानडीत चित्र 'लिहितात', 'काढतात' तो फक्त डाग. सरोजानं पांढरा रंग घेतला आणि मोठ्या बाईंना नीट काढलं. नाक गेलं, चष्मा गेला, पदर गेला, काही म्हणून ठेवलं नाही.

करकर आली. बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या. सगळ्या शिक्षिकांच्या मधोमध एक पांढरंशुभ्र भोक. इथं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सरोजा अदबीनं पुढे झाली.

"तुम्ही, बाई. मिसनी सांगितलं म्हणून तुम्हाला काढलं."

बाईंनी चष्मा पुसला आणि ते भोक पुन्हा एकदा पाहिलं. मग "सरी" म्हणाल्या आणि गेल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण मार्च यायचा होता, आणि अजून कुणी मला काढलं नव्हतं.

*

विमलाच्या भावाकडे बॉक्स कॅमेरा होता. देवळाच्या पायऱ्यांवर एक आंधळे अज्जा उदबत्त्या विकत बसायचे, त्यांचा तिनं फोटो काढला. फोटो खरंच सुंदर होता. खाली तिनं मोठ्या अक्षरात नाव दिलं होतं, 'दारिद्र्य'. वर्गानं विचारलं, त्यांना दाखवलास का? विमला म्हणाली, आंधळ्याला काय दाखवू? वर्ग माझ्याकडे बघायला लागला. शेवटी एरवी गप्प बसणारी नागूच म्हणाली, मग सांग त्यांना.

विमला आणि नागू पायऱ्यांवर जाऊन बसल्या, मागे मी. अज्जा खूश झाले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की खाली काय लिहिलंय? विमलानं 'दारिद्र्य'वर अंगठा ठेवला. 'उदबत्तीवाले अज्जा' लिहिलंय म्हणाली. मग वरपासून सांगायला लागली. डोक्याला पांढरं पागोटं आहे, मिशी छान आहे, हातात पुडे आहेत, शर्ट खांद्यावर फाटलाय.

अज्जांनी हात खांद्याकडे नेला, फाटकं चाचपलं. "केव्हापासून? एवढे डोळे असलेले लोक रोज इथनं जातात, एकानंही सांगितलं नाही!"

नागूकडे सुई-दोरा होता. शर्ट तिथंच शिवून झाला. मला इतकं बरं वाटलं की उतरताना मी दोन पुडे जास्तच घेतले, आणि विमलानं परत येऊन फोटोखालचं नाव खोडलं.

*

फेब्रुवारीत मात्र गळ्याशी आलं.

अकरावीतल्या रुक्मिणीच्या गालांवर देवीचे व्रण होते. स्थळ आलं, फोटो पाठवायचा होता, आणि स्टुडिओवाल्यानं ब्रश फिरवून गाल लोण्यासारखे करून दिले. रुक्मिणीनं फोटो बघितला आणि वडिलांना विचारलं, अण्णा, ही कोण? वडील म्हणाले, तूच. ती म्हणाली, ज्याचं चित्र त्यालाच ओळखू येत नाही, तर दुसरा काढा.

वडील तडक शाळेत. मुलींना नसत्या पंचायती शिकवता, लग्न मोडलं तर तुम्ही देणार का जावई शोधून? मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. वडील गेल्यावर एवढंच म्हणाल्या की मार्च काही लांब नाही. मी घरी जाऊन सासूबाईंशी फार गोड बोलायला लागले.

रुक्मिणी हटली नाही. दुसरा, व्रणांसकटचा फोटो गेला, आणि आश्चर्य म्हणजे मंडळी बघायला आली! मुलाच्या फोटोत दाट कुरळे केस होते. मुलगा मात्र टोपी घालून आला होता. उकाडा मरणाचा. घाम पुसायला त्यानं टोपी काढली आणि खोलीत एकदम उजेड झाला. रुक्मिणीनं फोटो बघितला, डोकं बघितलं, आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"अण्णा, ह्यांचाही दुसरा काढा."

पहिल्यांदा हसला तो मुलगाच. तिथंच सुपारी फुटली. वडील चिरोट्यांचं ताट घेऊन शाळेत आले. मी दोन खाल्ले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मोठ्या बाईंनी एक खाल्ला. सरी म्हणाल्या.

*

आणि मग मार्च आला.

शाळेला नवी इमारत हवी होती. देणगीदारांना पाठवायला फोटो पाहिजे म्हणून कमिटीचे चेअरमन स्वतः फोटोग्राफर घेऊन आले. माझ्याच वर्गातल्या मुली पुढच्या रांगेत उभ्या केल्या. चेअरमननी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं. म्हणाले, अशा दिसल्या तर कोण कशाला देईल? जरा गरीब दिसायला हव्यात. वेणीतली फुलं काढा. चपला काढा.

मुलींनी फुलं काढली, चपला काढल्या. नागूकडे काढायला काहीच नव्हतं. ती रोजच अनवाणी यायची. चेअरमननी तिला दंडाला धरून मधोमध आणलं आणि म्हणाले, ही बरोबर आहे. नागू आपल्या पावलांकडे बघत राहिली.

विमलाला कोण अडवणार! तिनं विचारलं, "सर, हा फोटो नागूच्या आईला दाखवाल?"

चेअरमन गोरेमोरे झाले. हे कोण शिकवतं म्हणून विचारलं. कुणीतरी सांगितलं, शुक्रवारच्या तासाला शिकवतात. ते मोठ्या बाईंकडे वळले. "हा तास आधी काढा."

मला समोर सासूबाई दिसायला लागल्या, त्यांच्या शेजारी अक्का. नोकरी गेली हे नक्की होतं, पण विमलाला मी गप्प बस म्हटलं नाही, आणि म्हणणारही नव्हते.

मोठ्या बाई चालत मुलींच्या रांगेपाशी गेल्या. करकर थांबली. त्यांनी आपल्या चपला काढल्या आणि पायानंच नागूसमोर सारल्या. घाल म्हणाल्या. नागूनं घातल्या, टाचेमागे चार बोटं जागा उरली. मग बाकीच्या मुलींना म्हणाल्या, तुम्हीही घाला, फुलंसुद्धा माळा. आणि स्वतः अनवाणी रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, चष्मा सारखा केला.

"आता काढा."

फोटोग्राफर बिचारा काळ्या कापडाखालून बाहेर आला. त्यानं चेअरमनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. "नेमकं काय काढू, बाई?"

"फोटो," बाई म्हणाल्या.

तो फोटो पुढे कितीतरी वर्षं मोठ्या बाईंच्या खोलीत, त्यांच्या डोक्यावरच लावलेला होता. दर जूनला नव्या मुली यायच्या, आणि त्यांतली एखादी धीट असायचीच. ती विचारायची की बाई, सगळ्यांच्या पायात चपला आहेत, मग तुम्हीच अनवाणी का? आणि ह्या मधल्या मुलीच्या चपला एवढ्या मोठ्या का? हा फोटो खरा आहे का?

बाई मान वर करायच्या नाहीत.

"शुक्रवारी," म्हणायच्या. "शेवटच्या तासाला विचार."