ट्यूबलाईटचं बटण

चामडीच्या रोगांची लेक्चरं माझ्याइतकी अख्ख्या उल्हासनगरात कुणी ऐकली नसतील. एवढी ऐकून मला कळलं काय, तर खाजवायचं नाही, आणि तेसुद्धा आपल्याला जमत नाही.

मी हॉस्पिटलच्या हॉलचा शिपाई, चौथी नापास. खुर्च्या मांडायच्या, आणि शिकवणारे मोठे डॉक्टर, आमचे सर, "आता फोटो बघा" बोलले की ट्यूबलाईट बंद करायची, म्हणजे पडद्यावर चट्टे नीट दिसतात. बस.

मग अंबरनाथ-बदलापूरचे डॉक्टर क्लासला येईनासे झाले. दवाखाना बंद ठेवून कोण येणार? नेट आलं तसं सरांनी क्लास कम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. मला बोलले, "आता खुर्च्या नाहीत, तुझं काम संपलं. आजचा क्लास तू सांभाळ. जमलं तर ऱ्हा, नाहीतर सोमवारपासून लॉन्ड्रीत."

मी छाती काढून बोललो, "सर, टेन्शन नका घेऊ."

कम्प्युटर बॅटरीवर चालायचा, बाकी सगळ्याला भिंतीला प्लग दोनच. एकावर चहाची किटली, ती काढायला जीव होईना. दुसरा ट्यूबलाईटच्याच बटणावर चालायचा. तिथं मी नेटचा मोडेम लावला आणि हुशारी केल्यासारखा कम्प्युटरमागे उभा ऱ्हायलो.

क्लास चालू झाला. स्पीकरवर एकेक डॉक्टर "येस सर, येस सर" बोलत होते. वीसेक मिनिटं सगळं झकास. मग सर बोलले, "आता फोटो बघा."

हात आपोआप गेला. खट्.

अंधार. स्पीकर गप्प. सर तरी बोलतच होते, "हा चट्टा कशाचा? कोण सांगेल?" कुणीच सांगेना. "हॅलो? ऐकू येतंय का?"

मी परत बटण दाबलं. मोडेमचा पहिला दिवा लागला. दुसरा लागेना. सरांनी माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी मनातल्या मनात लॉन्ड्रीतल्या चादरींच्या घड्या घालायला लागलो.

शेवटी सगळे दिवे लागले. थोड्या वेळाने स्पीकर खरखरला. बदलापूर-बेलवलीचे एक डॉक्टर होते. "सर, कुठे गायब झालात?"

सर शांतपणे बोलले, "लाईट गेली होती."

आमच्याकडे यावर कोण शंका घेणार? क्लास पुरा झाला.

कम्प्युटर बंद करून सर उठले. मी हळूच विचारलं, "सर, मग सोमवारी लॉन्ड्रीत?"

"नको. तिथंपण बटणं आहेत. तू दाराबाहेर बस."