भेगेवरची पट्टी

ताइसिया प्रोखोरोव्हनाला वसाहतीत सगळे तायामावशी म्हणत. पेर्म शहर जिथे संपतं, तिथे ओतकाम कारखान्याने कामगारांसाठी बांधलेल्या दुमजली घरांपैकी एकात ती राहायची. कारखान्यात ती रंगारी होती. वरून तपासणीला कुणी येणार म्हटलं की पहिली हाक तिलाच. बंद पडलेल्या यंत्रांनाही तिने रंग फासला होता. एकदा तर वाटेवरचा काजळी धरलेला बर्फ झाकायला त्यावर पांढरा बर्फ टाकायचा हुकूम आला, तेव्हाही फावडं घेऊन ती सगळ्यांच्या पुढे. आल्यागेल्याला घाण दाखवायची नसते, एवढं तिच्या अंगात भिनलं होतं.

तिचा मुलगा एदिक वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून असे. वॅगनी जोडताना त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याला पाठुंगळी घेऊन अरुंद जिना उतरवणारे दोस्त होते, ते एकेक करून पांगले, काही दारूने गेले. तीन हिवाळे तो खाली उतरला नव्हता. घर धोकादायक ठरलं तर सगळ्यांना नव्या इमारतीत जागा मिळणार होती, आणि तिथे लिफ्ट होती.

"पहिल्या दिवशी मी नुसता वर-खाली करणार," एदिक म्हणायचा. "तू सुपाचं भांडं घेऊन माझ्यामागे धाव."

शरदात तपासणीवाले आले तेव्हा ताया कंबरेचं हाड मोडून इस्पितळात होती. जिन्याच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेलेली. त्यांनी भेगेवर आडवी जिप्समची पट्टी बसवली. घर खचत असेल तर पट्टी तडकेल, आणि तडकली तर घर रिकामं करायचं. भर थंडीत ती मधोमध तडकली. खालच्या मजल्यावरची नेल्ली जिन्यातूनच ओरडली, "एदिक, फुटली रे!" आणि त्या दिवशी घरभर बाटल्या उघडल्या.

ताया इस्पितळातून बहिणीकडे गेली होती, ती बर्फ वितळता वितळता परतली. एदिक म्हणाला, "गुरुवारी तपासणीवाले येतायत. आपलं काम झालंच समज." पट्टीचं तिला कुणीतरी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

बुधवारी दुपारी सगळे कामावर होते, एदिकला डुलकी लागली होती. ताया काठी टेकत जिन्यात आली. भेग, आणि तिच्यावर कसलं तरी फुटकं थिगळ. 'कुणा दारुड्याने लिंपलंय हे!' तिने थिगळ खरवडलं, भेग नीट भरली, वर चुना दिला, खाली कंबरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा तैलरंग.

"आई, कसला वास येतोय?" वरून एदिक.

"काही नाही रे. जरा जिना आवरला. उद्या लाज नको जायला."

मग त्याने विचारलं, "भेगेवर काही होतं?"

"होतं की थिगळ. काढलं."

एदिक हसायला लागला, आणि ते हसणं ऐकून तिच्या हातातला ब्रश खाली पडला.

संध्याकाळी नेल्लीने सगळ्यांदेखत तोंड सोडलं. "तायामावशी, हात झडले का नाहीत तुझे! आमच्या पोरांनी अजून किती वर्षं बुरशीत झोपायचं?"

गुरुवारी इंजिनिअरने भिंतीवरून हात फिरवला. सगळं ऐकून घेतलं.

"लोक हातोडीने पट्टी फोडून ठेवतात, ते ओळखू येतं आम्हाला. काढून रंग देणारं पहिलंच घर बघतोय." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पण मी लिहू काय? भिंत तर अखंड आहे."

नवी पट्टी बसली. आता तपासणी पुढच्या वसंतात.

पुढचा हिवाळा आला. ताया रोज सकाळी जिन्यात जाऊन बघे. तिचा हात पहिल्यापासून पक्का, भरलेली भेग काही केल्या उकलेना. नेल्ली शेजारून जाताना बोलत नसे.

वरून रोज हाक यायची, "तुटली?"

"नाही."

"भलतंच चांगलं काम केलंस, आई."

एका सकाळी तिने पट्टीच्या मधोमध अंगठा टेकला. थोडा दाबला. मग अंगठा काढला आणि एप्रनच्या टोकाने पट्टीवरची धूळ पुसली.

"तुटली?"

"नाही," ती म्हणाली.