चार नंबरच्या मशीनवरचं जुनं पान

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मावशीला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. लाजोआंटीला तर नाहीच – ती ओरडली नसती, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं, आणि तेच मला सोसलं नसतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल.

सरळ सांगायला गेले की मी आधी माझीच बाजू घेते. जिचं मी नुकसान केलं, तिनं आधी काय केलं, तेच तोंडात पहिलं येतं. येऊ दे. ते पण खरंच आहे.

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावात आणि सोबतीला कोणी नाही. अंबरनाथला मोरिवलीत मावशी राहते. तिनं मला बोलावून घेतलं आणि बदलापूर गावात एका शेतकऱ्याच्या घरी कामाला ठेवलं. राहायचं तिथंच. भात, भांडी, गोठा. त्यांची मुलगी वैशाली माझ्याच वयाची, बारावीला. मी तिला ताई म्हणायची, ती मला शोभे म्हणायची. वाईट नव्हती. जुने ड्रेस द्यायची, कधीकधी केस विंचरून द्यायची – हे मुद्दाम सांगतेय, नाहीतर मी ते गाळून टाकीन.

एक दिवस तिच्या कानातली एक कुडी दिसेना. सोन्याची. तिच्या आईनं, काकूंनी, माझी पेटी अंगणात आणून उलटी केली. शेजारच्या बाया कुंपणाला येऊन उभ्या. माझे आतले कपडेसुद्धा काकूंनी एकेक झटकून बघितले. "कुठं ठेवलीस गो, सांग. सांगितलंस तर कोन काय बोलनार नाय." मी काय सांगणार? मी वैशालीकडे बघत होते. ती ओट्यावर उभी होती, ओढणीचं टोक चावत. एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मला मोरिवलीला पाठवून दिलं.

पुढं मार्केटात मला ती दिसली. दोन्ही कानांत कुड्या. तिनंच मैत्रिणीकडे शिरगावला काढून ठेवली होती, तिथंच राहिली होती – हे मला नंतर त्यांच्या शेजारणीनं हसत हसत सांगितलं. "सापडली ना मग ती, तुला नाय कळवलं कोनी?" नाही कळवलं. कशाला कळवतील? मावशीचे यजमान तेव्हा रोज कामावर जाताना कपाटाला कुलूप लावून जायचे. कपाटात काय होतं? चादरी.

मग लाजोआंटी भेटली. उल्हासनगरात तिचं सायबर कॅफे होतं – नवरा वारलेला, मुलगा परदेशात, दुकानात सात मशिनं. मी झाडायला, पुसायला लागले. दुसऱ्याच आठवड्यात तिनं गल्ल्याची चावी माझ्या हातात दिली आणि देवळात निघून गेली. मी ती चावी टेबलावर ठेवून तिच्यापासून लांब, दारात उभी राहिले, ती परत येईपर्यंत. ती हसली. "अरे पुट, चाबी काटती है क्या?" पुट म्हणजे सिंधीत बाळ. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तिच्याच दुकानात मी हे केलं, हेही विसरणार नाही.

कॉम्प्युटर मी जीतूकडून शिकले. जीतू आंटीच्या बहिणीचा मुलगा, मशिनं दुरुस्त करायचा. आमची लाइन एक आणि तिच्यावर सात जण, त्यामुळे पानं उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक आधी चहा पिऊन यायचं. जीतूनं मला ब्राउझरच्या आतल्या सेटिंग दाखवल्या. चित्रं बंद केली की नुसती अक्षरं येतात, झटकन. तात्पुरत्या फायलींना डिस्कवर जास्त जागा दिली की एकदा बघितलेलं पान पुन्हा लवकर उघडतं. आणि तिथंच विचारलेलं असतं – साठवलेल्या पानाची नवी आवृत्ती आली का, हे कधी तपासायचं? दर वेळी, आपोआप, की कधीच नाही?

"ये 'कधीच नाही' वाला मत छेड़ना," जीतू म्हणाला. "पेज भागेगा, लेकिन बासी दिखाएगा. कल की रोटी." म्हणजे मशीन बाहेर जाऊन विचारतच नाही, आपल्याच पोटातलं कालचं पान दाखवतं. मेल रोज नवी येते, ते वेगळं. पण साधं नोटिशीचं पान असेल तर जुनंच. कुणाला कळतसुद्धा नाही.

हे मी नीट समजून घेतलं होतं. दोनदा विचारून.

आणि मग एक दिवस दुपारी काचेचं दार ढकलून वैशाली आत आली. उल्हासनगरात तिनं टायपिंगचा क्लास लावला होता. मला बघून थबकली, मग मोठ्यानं म्हणाली, "शोभे? तू इथं? बरी बसवली गो तुला या मशिनांपाशी. काय हरवत तर नाय ना यांचं?" गमतीनं म्हणाली. मला माहीत आहे, गमतीनंच. शेजारच्या मशीनवरचा पोरगा हसला, आणि लाजोआंटीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आंटीला ती गोष्ट माहीत नव्हती. आता विचारील का? हाकलील का? आंटीनं काही विचारलं नाही. पण मी ठरवलं ते त्याच मिनिटाला. तुम्हाला सांगता आलं असतं की आधी चुकून झालं, मग राहून गेलं. नाही.

पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला तिनं अर्ज केला होता. पहिल्या फेरीत नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीची नावं त्यांच्या साइटवर लागणार होती, वेगळं पत्र यायचं नव्हतं – त्याच पानावर लिहिलं होतं तसं. घरी वडिलांनी सांगितलेलं, नाव आलं तर जा, नाही आलं तर कर्जतच्या पाहुण्यांना होकार कळवू. हे सगळं तिनं मला स्वतःहून सांगितलं, पान उघडायची वाट बघताना. लग्न नको होतं तिला. "तिथं पन गोठाच आहे गो," म्हणाली. मी मान हलवली.

ती कुरकुरली की पान फार हळू उघडतं. मी म्हटलं, थांबा ताई, करून देते. चार नंबरच्या मशीनवर तिचं ते पान एकदा उघडू दिलं – 'दुसरी यादी लवकरच' – आणि मग आत जाऊन ते गोल टिंब 'कधीच नाही'वर नेलं. वरच्या पट्टीतलं रिफ्रेशचं बटण काढून टाकलं. तेवढ्यावर थांबले नाही. तिला सांगितलं, "पान परत परत ताजं करायला जाऊ नका, आमची लाइन तुटते, आंटी ओरडते." आमच्याकडे सगळे ऐकायचे असलं काही सांगितलं की. मशीनला सगळेच भ्यायचे.

पुढच्या वेळी पान टिचकीसरशी उघडलं. ती खूश झाली. "काय पळतंय गो आता!" आणि मला खरंच आनंद झाला – लाज वाटते सांगायला, पण झाला. ती आली की मी चार नंबर मोकळं करून द्यायची. दुसरं कोणी बसलेलं असलं तर उठवायची. ती वाकून वाचायची, 'लवकरच', आणि खांदे पाडून क्लासला जायची. काउंटरवर बसून मी ते बघायची. ते खांदे मला हवे होते. अंगणातल्या त्या दिवसाचा एकेक कपडा मला परत मिळतोय असं वाटायचं. वेड लागलं होतं का मला? नाही. हिशेबात चूक न करता आंटीचं दुकान सांभाळत होते मी तेव्हा.

रोज सकाळी काउंटरच्या मशीनवर मी तेच पान उघडायची – ताजं. एका सकाळी नावं आली. तिचं नाव होतं. खाली लिहिलेलं, येत्या शनिवारपर्यंत दाखले घेऊन हजर राहावं, नाहीतर जागा पुढच्या नावाला.

त्या आठवड्यात ती दोनदा आली. दोन्ही वेळा चार नंबरला बसली. दुसऱ्यांदा, गुरुवारी, तर तिनं मला विचारलं, "शोभे, तुला काय वाटतं, येईल का गो नाव?" माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. मी म्हटलं, "येईल की ताई. बघत राहा." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. थंड होता.

शनिवार गेला. सोमवारी दुकान उघडल्यावर मी चार नंबरची सेटिंग पहिल्यासारखी केली, बटण परत लावलं. का? तिला कधीच कळलं नसतं तर मला काय मिळालं असतं? मला तिला ते वाचताना बघायचं होतं.

दुपारी ती आली, बसली, आणि पान उघडलं. मग बोटानं पडद्यावरचं आपलं नाव धरून ठेवलं, जसं काही ते सरकेल, आणि दुसऱ्या हातानं तारीख शोधली. मला हाक मारली. मी गेले. ती म्हणाली, "हे गुरुवारीपन होतं का गो? मलाच दिसलं नाय?" मी म्हटलं, "असेल ताई. घाईत नीट वाचलं नसेल तुम्ही." ती म्हणाली, "हो. माझीच नजर अशी." मग तिथूनच तिनं हॉस्पिटलाला फोन लावला. जागा गेली होती.

कर्जतला तिचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, गेले, जेवले. अजून कधीतरी स्टेशनाबाहेर भेटते. तिच्या मुलीला मोबाइलवर काही बघायचं असलं की ती म्हणते, दोनदा वाच, तुझ्या आईसारखं करू नको. मी शेजारी उभी असते. मी तिला कधीच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तो राग माझ्यात अजून थोडा आहे.