कानात सांगितलेलं

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या दवाखान्यातल्या पडद्याला तोंड होतं, आणि ते तोंड मी होते.

निजामाच्या राज्यातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. मी बालविधवा. घरात एका कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचं ठरलेलं होतं, पण थोरला भाऊ भावकीशी भांडला आणि मला सोलापूरला नर्सिंग शिकायला घालून आला. शिकून झाल्यावर कानडी मुलखाच्या शिवेजवळच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात मला नोकरी लागली.

मोठ्या घरच्या बायका तेव्हा गोषात असत, परक्या पुरुषासमोर येत नसत. त्या पडदे लावलेल्या छकड्यातून यायच्या आणि तशाच आतल्या खोलीत शिरायच्या. खोलीच्या दाराला जाड पडदा. आत रोगी आणि मी, बाहेर ओसरीवर खुर्ची टाकून हैदराबादचे डॉक्टरसाहेब. ते उर्दूतून विचारत, मी ते मराठीत नाहीतर मोडक्यातोडक्या कानडीत बाईला सांगत असे. बाई माझ्या कानात उत्तर देई आणि मी ते उर्दूत बाहेर पोचवत असे. साहेबांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्यामुळं पोचवायचं म्हणजे ओरडायचं. ओसरीवर नवरा, सासू, गाडीवान आणि पुढचे सगळे रोगी बसलेले. अमकीचं पोट साफ होत नाही ही खबर ती छकड्यात चढायच्या आत बाजारात पोचायची. मी एकदोनदा साहेबांना म्हटलं, हे बरं नाही. ते म्हणाले, "रिवाज है, सिस्टर." माणूस वाईट नव्हता, पण रिवाज म्हटलं की त्याचं डोकं खुर्चीसारखं चार पायांवर पक्कं बसायचं.

एका सकाळी एक खातंपितं घर आलं. नवरा, सासू आणि सून. पुढं जे झालं ते सांगायची परवानगी मला त्या सुनेनंच दिली आहे. म्हातारपणी भेटली तेव्हा म्हणाली, "माझं सांग तू. पोरीबाळींना कळू दे. गाव तेवढं सांगू नको." म्हणून गाव विचारू नका.

सून विशीतली असेल. चेहरा मेणासारखा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं आणि सासूनं दुसरी मुलगी हेरून ठेवली होती, हे ओसरीवर सासूनंच सगळ्यांना ऐकवलं होतं. आत आल्यावर मी सुनेचा हात धरला तशी ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "लघवीला आग होती. कपडे खराब होतेत. आदी त्येनला झालं, सोलापूरहून आले तवा. मग मला. बोललीस तर म्हायेरी घालवीन म्हनलेत."

परमा, पुरुष बाहेरून घरात आणतो तो गुप्तरोग. मला विचारायची गरजच उरली नाही.

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "क्या तकलीफ है? जोर से बोलो!"

हा शब्द पडद्याबाहेर गेला की सासू म्हणणार, सुनेनंच हे घरात आणलं. संध्याकाळच्या आत छकडा माहेरच्या वाटेला लागणार आणि हेरून ठेवलेली मुलगी मांडवात उभी राहणार. बरं, पोटात दुखतं म्हणून सांगावं तर ओव्याचा अर्क घेऊन ही घरी जाणार आणि आतून सडत राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सोलापूरला आमच्या मोठ्या बाई शिकवायच्या, रोग्यानं सांगितलेलं रोग्याच्या भल्यासाठी लागेल तिथं सांगायचं, बाकीचं गिळायचं. गिळायचं कसं ते ठीक होतं, पण बहिऱ्या माणसाला हळू कसं सांगायचं हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

"सिस्टर! सो गईं क्या?"

मला राग आला. साहेबांचा, सासूचा आणि त्या बाहेर बसलेल्या, सोलापूर करून आलेल्या नवऱ्याचा. त्या रागातच मी पडदा सारला, भरल्या ओसरीवरून तरातरा साहेबांपाशी गेले, वाकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं.

कान नेमका डावा होता. साहेब म्हणाले, "क्या?" मग मी खुर्चीला वळसा घालून उजव्या कानाशी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तरुण विधवा नर्स भर दिवसा परपुरुषाच्या एका कानाला लागते आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून दुसऱ्याला लागते, असा तमाशा त्या गावानं पाहिला नव्हता. साहेब आधी रागानं लालबुंद झाले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, नवऱ्याला औषधांच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "दोनों को दवा लगेगी." तेव्हा नव्यानंच आलेल्या सल्फाच्या गोळ्या त्यांनी दोघांनाही दिल्या.

सासूनं मला दारात गाठलं. "काय सांगितलीस गं कानात?"

"ते सांगायचं काम माझं न्हाई."

"व्हय, कसं असंल! लाज सोडलेली बया तू."

त्या बाईची जीभ माझ्याहून तिखट निघाली. आठवडी बाजाराच्या आत माझं आणि साहेबांचं सगळं ठरवून झालं होतं. पाणी आणायला गेले की आडावरच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. मग एक दिवस माहेराहून, अणदूरहून, थोरला भाऊ आला. त्याच्यापर्यंत गोष्ट तिखटमीठ लागून पोचली होती. त्यानं खिशातून खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढून माझ्यापुढं ठेवली.

"हात ठिव हेच्यावर, अन् सांग."

मी हात ठेवला. "दादा, म्या काई वावगं केलं न्हाई."

"ते मला ठावं हाय. कानात काय बोललीस तेवढं सांग. लोकांच्या तोंडावर मारतो."

"ते न्हाई सांगता येत."

"मला? तुज्यासाठी सगळ्या भावकीला अंगावर घेतलं म्या."

खरं होतं ते. एक शब्द बोलले असते तर तो ताठ मानेनं परत गेला असता. पण अणदूरची गोष्ट आमच्या गावी आणि आमच्या गावची अणदूरला जायला किती वेळ लागतो ते मला कळून चुकलं होतं. मी पिठल्याचं भांडं चुलीवर ठेवलं. तो जेवला, पुडी खिशात घातली आणि गेला. त्या वर्षी पंचमीला मला न्यायला घरचं कुणी आलं नाही. मी खिडकीत उभी राहून दुसऱ्यांच्या बहिणी गाड्यांतून जाताना पाहत होते आणि रडत होते. पुढच्या पंचमीलाही कुणी आलं नाही.

सुनेला हळूहळू गुण आला. मूल झालं नाही, पण सवतही आली नाही. दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं की नवराच उठून जायचा म्हणे. इकडं साहेबांनी काही न बोलता ओसरीवरची बाकं उचलून कडुलिंबाखाली ठेवून घेतली आणि स्वतःची खुर्ची पडद्याला लावली, उजवा कान आत येईल अशी.

दोनेक वर्षांनी तोच छकडा आला. यावेळी आत सासू होती, एकटी. बसताना तोंडावर वेदना दिसत होती. मी म्हटलं, मी नको असेन तर गावातल्या दाईला बोलावते.

"न्हाई. तूच पायजे," ती म्हणाली. "सून म्हनती, तुझ्या पोटात ऱ्हातंय."

मग तिनं माझा खांदा धरून मला खाली ओढलं आणि काय होतंय ते सांगितलं. म्हातारी होती, चारचौघांत कुणाला भीक न घालणारी होती, पण सांगताना लहान मुलीसारखी रडली. मी पडद्याशी गेले. पलीकडं साहेब होते, ओसरी रिकामी होती.

"हितनं वरडू नको," ती मागून म्हणाली. "भाईर जा. त्येच्या कानात सांग."

मी बाहेर गेले आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. म्हातारीनं काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. सुनेनं मला मोकळीक दिली होती, तिनं दिली नव्हती.