मेर्टेनच्या नावाचं ताट

एलर्नाऊच्या गढीत बारा सरदार राहत. सगळे व्रतस्थ. लग्न करायचं नाही, स्वतःचं म्हणून काही बाळगायचं नाही आणि वरचे सांगतील ते मुकाट ऐकायचं, अशा शपथा घेऊन ही मंडळी जर्मन मुलखातून इथे प्रशियात आलेली. अंगावर पांढरा झगा, झग्यावर काळा क्रूस. लिथुआनियाच्या जंगलात घोडं घालताना यांची पापणी हलत नसे, पण जेवताना शेजाऱ्याने मांसाचा मोठा तुकडा आधी उचलला की यांच्या डोळ्यांत रक्त उतरायचं. त्याला कारणही तसंच होतं. दोघादोघांनी एका ताटात जेवायचं आणि जेवताना बोलायचं नाही, असा त्यांच्या पंथाचा नियमच होता. म्हणजे शेजारी भराभर गिळतोय हे उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. लग्न न करणं वगैरे ठीक आहे, खरं कठीण व्रत हे, असं तिलोचं मत होतं.

तिलो म्हणजे तिथल्या भोजनगृहाचा वाढपी. तो सरदार नव्हता आणि व्रतस्थ तर मुळीच नव्हता. गावात त्याचं घर होतं, बायको बार्बे तापात गेली होती आणि मेर्टेन नावाचा एकुलता एक मुलगा होता. तीस वर्षं तिलो पाव कापत होता, बिअरचे मग भरत होता आणि मुक्या सरदारांच्या चमच्यांच्या आवाजावरून कोण कोणावर रुसलंय ते ओळखत होता.

पंथात सरदारांना बंधू म्हणत. त्यांपैकी बंधू एगेलोल्फ यांच्यावर त्याचा विशेष जीव. हे गृहस्थ अंगाने दोन माणसांएवढे आणि तोंडात दात मात्र चार. पावाची कड त्यांना चावत नसे. तक्रार करायची तर बोलायला बंदी, म्हणून ते कडेकडे अशा दुःखी नजरेने बघत, जणू शत्रूचा तटच समोर उभा आहे. मग तिलो त्यांच्या पावाच्या कडा रोज काढून टाकू लागला. टाकू लागला म्हणजे खिशात टाकू लागला. त्या कडांवर मेर्टेन वाढला. दूधपित्या वयापासून तो कड चघळत बसे, आणि पुढे मोठा झाल्यावर कुणी मऊ पाव दिला तर "ह्याला काही चवच नाही" म्हणून नाक मुरडी.

गढीच्या दरवाजाशी, दगडी ओट्यावर, ग्लाबोट बसायचा. हा इथला मूळचा, जर्मन लोक यायच्या आधीच्या घराण्यातला. आता धंदा एकच, गरीब असणं. आणि तो धंदा तो फार इमानाने करी. पंथात रिवाज होता, की एखादा बंधू वारला की त्याचा अंगरखा एका गरिबाला द्यायचा आणि त्याच्या वाटणीचं खाणंपिणंही त्या गरिबाला चाळीस दिवस द्यायचं. तो गरीब बहुतेक वेळा ग्लाबोट. एकावर एक तीन मेलेल्या सरदारांचे अंगरखे घालून तो बसलेला असे.

"बंधू कुनो कसले उमदे होते!" तो तिलोला सांगे. "ईस्टरनंतर मेले. चाळीस दिवस मांस काय, अंडी काय! नाहीतर ते बंधू रुपर्ट. ईस्टरच्या आधी उपास लागले, त्याच दिवशी गेले. चाळीस दिवस नुसता खारा मासा! जन्मभर माझ्यावर कुत्रा सोडला आणि मरतानाही दावा साधला बघ."

"फुकटचं खातोस ते खातोस, वर नावं ठेवतोस?"

"फुकट कुठे? रोज नाव घेऊन खातो. आणि त्या माणसाबद्दल एक खरी गोष्ट बोलतो. खोटं बोलून खाल्लं तर माझं पोट दुखतं."

हे मात्र खरं होतं. घास घेण्यापूर्वी ग्लाबोट मोठ्याने म्हणायचा, "बंधू रुपर्ट. कुत्रा सोडायचे. पण कुत्र्याला स्वतःच्या ताटातलं घालायचे." आणि मगच जेवायचा.

मेर्टेन वीस वर्षांचा झाला तेव्हा बंधू एगेलोल्फ यांच्या घोड्यांवर नोकरीला लागला. मग १४१० सालचा तो जुलै आला. पोलंड आणि लिथुआनिया मिळून चालून आले, आणि गढीतले बाराच्या बारा सरदार निघाले. मागे राहिले ते म्हातारे फादर ओर्टविन, तिलो आणि स्वयंपाकघर.

निघायच्या सकाळी मेर्टेन भोजनगृहात आला. "बाबा, कडा काढलेला पाव बांधून द्या. चावला नाही की म्हातारा माझ्यावर ओरडतो. लढाईवर बोलायला बंदी नसते ना, त्यामुळे वर्षभराचं साठलेलं सगळं बाहेर पडतं."

"आणि तुला काय बांधू?"

"मला कडा. आणखी काय?"

तिलोने दोन पुरचुंड्या बांधल्या. गढीसमोरच्या पुलावर घोड्यांची ही गर्दी. मेर्टेन दुसरा घोडा हाताने धरून चालला होता. पुलाच्या टोकाला त्याने वळून हात वर केला. तिलो ओरडला, "अरे, म्हाताऱ्याचा पाव ओला होऊ देऊ नकोस!" मेर्टेन हसला आणि गेला.

लढाई झाली त्यानंतर पाचव्या दिवशी बारांपैकी एक परत आला. डोक्याला फडकं बांधलेलं, झगा गेलेला. त्याने फादरना अकरा नावं सांगितली. शेवटचं नाव एगेलोल्फ यांचं होतं.

"आणि मेर्टेन?" तिलोने विचारलं.

"दुसरा घोडा धरून मागे उभा होता. नंतर धुळीत काही दिसलं नाही, तिलो. खरंच दिसलं नाही."

त्या दुपारी भोजनगृहात ताटं मांडायची वेळ आली. परत आलेला सरदार बाकावर एकटाच बसला. समोर दोघांचं ताट. सवयीने त्याने आपल्या बाजूचं अर्धंच खाल्लं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसला. तीस वर्षांत तिलोने तिथे किती तरी भांडकुदळ शांतता ऐकल्या होत्या, पण ही शांतता त्याला सोसवेना. तो बाहेर निघून आला.

अकरा मेलेल्यांना अकरा गरीब हवेत, आणि गावातली माणसं तर घाबरून जंगलात पळालेली. कसेबसे पाच सापडले. बाकीच्या चौघांनी दोन-दोन, तीन-तीन ताटं वाटून घेतली. ग्लाबोटच्या वाट्याला एगेलोल्फ आले.

तिलो फादरसमोर उभा राहिला. "फादर, अकरा ताटं वाढतोच आहोत. बारावं वाढू? मेर्टेनच्या नावाचं?"

फादर ओर्टविन चांगला माणूस. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा वाचलं. "बाळा, यात बंधू म्हटलंय. मेर्टेनने शपथ घेतली नव्हती. यात एक ओळ वाढवायचा मला अधिकार नाही." मग हळूच म्हणाले, "आणि तो गेला असं कोणी पाहिलंही नाही."

खरं तर तिलोने चिडायला हवं होतं. पण तो ओट्यावर आला तो जवळजवळ हसत. "ग्लाबोट, फादर नाही म्हणाले! ताट नाही मिळणार."

"मग त्यात आनंद कसला?"

"अरे, ताट मेलेल्याचं वाढतात. ताट नाही, म्हणजे मेला नाही. पुस्तकात बघून सांगितलंय त्यांनी!"

ग्लाबोटकडे कोणत्याही गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचं. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "हां. असं असेल."

त्या दिवसापासून तिलो स्वतःचा पाव अर्धाच खाऊ लागला. उरलेला अर्धा कडेसकट भट्टीच्या वरच्या फळीवर वाळत ठेवी. पोरगा येईल तो उपाशी येईल. पायी येईल, कारण घोडा शत्रूने नेला असणार. पाय सुजले असतील. आल्या आल्या हा गरम सारात बुडवून खाईल. तिलोने हे सगळं इतकं नीट ठरवलं होतं, की सार कोणतं करायचं तेही ठरलं होतं. वाटाण्याचं.

रोज दुपारी तो ग्लाबोटला एगेलोल्फ यांचं ताट द्यायला जाई. ग्लाबोट म्हणे, "बंधू एगेलोल्फ. घोड्यावर चढताना दोन माणसं लागायची, उतरताना तीन." दुसऱ्या दिवशी, "बंधू एगेलोल्फ. थंडीत मला हातमोजे दिले. दोन्ही डाव्या हाताचे." रोज नवी खरी गोष्ट. तिलो कधी कधी हसायचा. त्याचा अंगरखा मात्र त्याला सैल होत चालला होता.

"तू जेवतोस की नाही रे?" ग्लाबोटने विचारलं.

"जेवतो की."

"मग दुसऱ्याचाच अंगरखा घालून आलायस वाटतं. माझी नक्कल करतोस काय?"

अडतिसाव्या दिवशी गाडीवान हाइंके आला. त्याला पोलंडवाल्यांनी पकडून नेलं होतं आणि कामापुरतं ठेवून सोडून दिलं होतं. तो सरळ भोजनगृहात आला, टोपी काढली, आणि टोपीकडेच बघत राहिला.

"तिलोदादा, आम्हाला खड्डे खणायला लावले होते."

तिलो पाव कापत होता. त्याचा हात थांबला नाही.

"सरदार, घोडेवाले, सगळ्यांना एकत्रच ठेवत होते. कोण कुठला बघायला वेळ नव्हता. पण मी आपल्या मेर्टेनला ओळखलं. मीच ठेवला त्याला. बंधू एगेलोल्फ यांच्या शेजारी. दोघं एकाशेजारी एक."

"मेर्टेनच होता?"

"खिशात पुरचुंडी होती, दादा. पावाच्या कडा. निम्म्या खाल्लेल्या."

तिलोने सुरी खाली ठेवली. "म्हाताऱ्याचा पाव ओला झाला होता का रे?" त्याने विचारलं. हाइंके रडायला लागला, तेव्हा तिलोनेच त्याला बसवला आणि बिअर दिली.

पुढचे दोन दिवस तो कामाला आला, नेहमीसारखा. चाळिसाव्या दिवशी त्याने एगेलोल्फ यांचं शेवटचं ताट ग्लाबोटला दिलं. ग्लाबोटने हात जोडून नाव घेतलं, ते ताट संपवलं आणि शेवटची चाळिसावी खरी गोष्ट सांगितली. ती मात्र तो जेवण झाल्यावर बोलला. "बंधू एगेलोल्फ. कडांचं काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले होते, माझे दात पडले ते त्या पोराच्या नशिबाने."

तिलो आत गेला. भट्टीवरच्या फळीवरून त्याने सगळे अर्धे पाव पोत्यात भरले. दगडासारखे झाले होते. तो पोतं घेऊन ओट्यावर आला, त्यातला एक पाव लाकडी ताटात ठेवला आणि सुरी काढून कड कापू लागला. तीस वर्षांची सवय.

"कड राहू दे," ग्लाबोट म्हणाला.

"तुला दात कुठे आहेत?"

"राहू दे म्हटलं ना. हे त्याचं ताट आहे. तो कडा खायचा."

तिलोने सुरी मिटली. ग्लाबोटने ताट मांडीवर घेतलं, पण पावाला हात लावला नाही.

"नाव घे. मी नाव घेतल्याशिवाय खात नाही, तुला माहितीये."

"तूच घे."

"मी नाही घेणार. तुझा मुलगा आहे."

तिलोने पुलाकडे पाहिलं. "मेर्टेन," तो म्हणाला. "तिलोचा आणि बार्बेचा."

"आणि खरी गोष्ट?"

"त्याने वळून हात केला होता. आणि मी त्याला..." त्याने पुन्हा सुरुवात केली. "मी त्याला शेवटचं काय म्हणालो माहितीये? दुसऱ्याच्या पावाची काळजी घे म्हणालो."

ग्लाबोटने मान हलवली, खरी गोष्ट मान्य झाल्यासारखी. मग तो ओट्यावर थोडा सरकला आणि शेजारी जागा केली. "बस. या घरात एका ताटात दोघं जेवतात. चाळीस दिवस तुझा हा अर्धा पाव एकटा पडलाय."

तिलो बसला. ग्लाबोटने कडेचा तुकडा तोंडात घेतला आणि हिरड्यांनी चघळायला लागला. त्या एका तुकड्याला अर्धा तास लागला असेल. चाळीस दिवस खारा मासा मिळाला म्हणून वर्षभर रडणारा तो माणूस, त्याने त्या दगडी पावाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिलोही चघळत होता. डोळ्यांतलं पाणी पावावर पडत होतं, तेवढाच तो मऊ होत होता.

थोड्या वेळाने फादर ओर्टविन दरवाजात आले. त्यांनी ताट पाहिलं, ताटावर वाकलेली दोन म्हातारी डोकी पाहिली. पुस्तक त्यांच्या बगलेतच होतं. ते आत गेले आणि बिअरचा एक मग घेऊन आले, कारण मेलेल्याच्या वाटणीत पिणंही असतं. तो मग ओट्यावर ठेवून ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं ताट घेऊन बसले, तेव्हा बिअरचा मग आधीच तिथे ठेवलेला होता.