बागेकडचा तीन नंबर

आमच्या ह्यांना स्टेशनात सगळे ‘नकाशा’ म्हणतात. भुयारी स्टेशनात पाणी उपसणाऱ्या पंपांवर एकतीस वर्षं नोकरी. घरात मिठाचा डबा कुठे आहे ते सांगता येणार नाही, पण जमिनीखालचा कुठला जिना वर कुठे निघतो ते झोपेतसुद्धा सांगतील.

आधी तिथं एकच फलाट होता आणि चार दारं. ज्या क्रमाने खणली त्या क्रमाने नंबर पडले. बाजाराकडचं एक, दवाखान्याकडचं दोन, बागेकडचं तीन, शाळेकडचं चार. बारा वर्षांनी त्या फलाटाच्या खाली दुसरी लाइन खणली, आणखी तीन दारं उघडली. मग कुण्या साहेबाला शहाणपण सुचलं, बाजारापासून गोल फिरत सगळ्या दारांना नवे नंबर द्यायचे! बागेकडचं तीन झालं पाच. पाटीवर आता ज्याला तीन म्हणतात, ते दार खालच्या फलाटावरून वर निघतं. जुन्या माणसांनी पाट्यांना भीक घातली नाही. त्यांच्या बोलण्यात, भांडणात, पंपाच्या वहीत जुनेच नंबर.

“ज्यांनी खणलं त्यांचा नंबर खरा,” असं हे म्हणायचे.

“एक दिवस कुणाला तरी गोत्यात आणाल,” असं मी म्हणायचे. माझ्या जिभेला काही हाड?

त्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. दुपारी लेकीचा फोन आला. सातवा महिना तिला, तपासणी करून आमच्याकडे यायला निघाली होती.

“बाबा, खालून धूर येतोय. मी वरच्या फलाटावर आहे. सगळे पळतायत. कुठून बाहेर पडू?”

“तीन नंबर. सरळ वर. पळू नकोस, कठडा धरून चढ.”

फोन तुटला. “येईल दोन मिनिटांत,” हे मला म्हणाले. आणि म्हणता म्हणता तोंड पांढरंफटक पडलं.

“अगं, ती पाटी बघेल!”

पाटीवरचं तीन म्हणजे खालचा फलाट. खालचा फलाट म्हणजे धूर. फोन लावला, परत लावला, सहा वेळा लावला. लागेना. हे घरातल्या चपलांवरच धावत सुटले, मी मागे. घर स्टेशनासमोरच आहे, पण तो रस्ता मेला संपता संपेना. पाटीवरच्या तीन नंबरपाशी रखवालदाराने ह्यांना अडवलं. त्याला ढकलून हे आत घुसले.

मी वेड्यासारखी बागेकडच्या दाराशी जाऊन उभी राहिले. खोकणारी माणसं वर येत होती. प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते मी. देवा, एवढी पोर दे, पुन्हा काही मागणार नाही, असं किती वेळा म्हटलं कोण जाणे.

आणि ती आली. कठडा धरून, हळूहळू, मागे सात-आठ अनोळखी माणसं घेऊन.

“आई, रडतेस काय? बाबांनी तीन सांगितलं होतं ना!”

“अगं, पण पाटीवर...”

“पाटी कोण बघतंय? आपल्या घरी तीन म्हणजे बाग.” मग तिने इकडेतिकडे पाहिलं. “बाबा कुठे आहेत?”

मी पाटीवरच्या तीन नंबरकडे बोट दाखवलं. जन्मभर ज्या माणसाने नवे नंबर मानले नाहीत, तो आज पहिल्यांदा पाटी मानून आत गेला होता.

चाळीस मिनिटं आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. शेवटी अग्निशमनच्या दोघांनी ह्यांना वर आणलं. तोंड काळंठिक्कर, श्वास लागलेला. “दोनदा वर ओढलं,” त्यातला एक चिडून म्हणाला, “दोन्ही वेळा हात सोडवून परत खाली. पोरगी आहे म्हणे आत!”

ह्यांनी लेकीला पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले. बागेकडच्या दारानेच वर आले, असं तिने सांगितलं. ऐकून हे हुंदके देऊन रडायला लागले. एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

“मला वाटलं,” खोकत खोकत म्हणाले, “बापाचं कोण ऐकतं.”