नालीत ओतलेली घागर
टँकरच्या ओल्या रबरी नळीचा वास आला की मला अजून शिसारी येते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि दुष्काळानं आमच्या गल्लीतले नळ कोरडे पडले होते. काकूला कॅन्सर होता. सोलापूरहून विजेच्या शेकाची, म्हणजे रेडिएशनची, पहिली फेरी घेऊन ती परतली होती, डॉक्टरांनी सुधारणा आहे म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्या दिवशी हौसेनं घागर घेऊन माझ्यासोबत टँकरवर आली. गर्दीत तिची घागर शेजारणीच्या भरलेल्या घागरीला लागली. रोज कपाळभर विभूती लावून देवळात जाणारी ती शेजारीण किंचाळली, “अगं बया, लागण हुईल की!” आणि सगळ्यांदेखत तिनं ती भरली घागर नालीत ओतली. ज्या पाण्यासाठी बाया सकाळपासून उन्हात उभ्या होत्या, ते काळ्या चिखलातून वाहत गेलं. शेजारणीनं राखेनं घागर घासली आणि पुन्हा रांगेत लावली. काकू रिकामी घागर घेऊन घरी आली, ती पुन्हा उंबऱ्याबाहेर पडलीच नाही. “कशाला जायचं आता,” म्हणत सोलापूरचा शेकही तिनं सोडला. ती गेली तेव्हा तीच शेजारीण आमच्या ओसरीवर पदरानं डोळे पुसत सांगत होती, “दवा लई चांगली चालू होती, पन हिनंच हिंमत सोडली. मन घट्ट ठिवलं असतं तर जगली असती.” बाया माना डोलवत होत्या. आज कुणी आजाऱ्याला मन खंबीर ठेवायला सांगू लागलं की मी विचारते, त्याची घागर तुमच्या घागरीला लागली, तर ते पाणी प्याल का?